लाइनीचा काही दोष नव्हता

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या दोन पिढ्यांना गणित शिकवूनही हसतमुख राहिलेले आदरणीय जितेंद्रसर. व्यासपीठावरचे सरपंच आणि इतर मान्यवर. जिच्यासाठी आपण जमलो आहोत ती दीपिका सत्यवान चोपडेकर. पहिल्या रांगेत बसलेले तिचे आईवडील, सत्यवान आणि नर्मदा. देवबागचे ग्रामस्थ, कट्टा गावाहून दोन एस.टी. बदलून आलेले पाहुणे, आणि 'आम्ही इथेच बरे' म्हणत मघापासून दाराशी उभी असलेली मंडळी, तुम्हां सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. आमच्या काळी ट्रंक कॉलला तीनच मिनिटं मिळायची, तेव्हा पाच म्हणजे चैन आहे. तरी सर, मी थोडी पुढे गेले तर घंटी वाजवू नका. आयुष्यभर घंटी वाजली की उठायची सवय आहे मला, भाषण अर्धं टाकून फोन घ्यायला जाईन.

तरुण मुलं विचारत असतील, ही म्हातारी कोण? मी मेल्विना फर्नांडिस. दीपिकाला पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्या ओसरीवर मी इंग्रजी शिकवलं. त्यामुळे मला इथे 'टीचर' म्हणतात, पण मी शिक्षिका नव्हे. मी टेलिफोन ऑपरेटर होते. सिस्टरांच्या शाळेत शिकले, इंग्रजी बरं होतं, आवाज स्वच्छ होता, म्हणून वयाच्या विसाव्या वर्षी आमच्या छोट्या एक्स्चेंजमध्ये लागले. पुढे ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं आणि माझी बदली ओरोसला, कागदांच्या टेबलावर झाली. रोज एस.टी.ने जायचं, शिक्के मारायचे, परत यायचं. पण माणसाला विचारलं की तू कोण, तर तो आपलं पहिलं काम सांगतो, नाही का? मी अजून ऑपरेटरच आहे.

आज दीपिकाचा गौरव आहे आणि निरोपही आहे. सोमवारी ती नेदरलँड्सला जाते, तीन वर्षांसाठी. ती काय करते हे सरपंचांनी मघाशी सांगितलं, 'एआयचं काहीतरी'. सरपंच, रागावू नका, पण ते 'काहीतरी' मला तिने गेल्या चतुर्थीला ओसरीवर बसून समजावलं आहे. टॉर्च आणि नर्मदाचा कुंकू लावायचा आरसा घेऊन.

आपण मोबाइलवर एखादा प्रश्न विचारतो आणि यंत्र उत्तर देतं. ते यंत्र एक नसतं. कुठेतरी मोठमोठ्या इमारती असतात, त्यांत हजारो यंत्रं एकाच कामाला लावलेली असतात आणि ती सारखी एकमेकांशी बोलत असतात. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूमधून, प्रकाशाने. आता ह्याचं त्याला नि त्याचं ह्याला जोडून कोण देणार? मधे स्विच असतात. आजवर असं होतं, की प्रकाश स्विचपर्यंत आला की तिथे थांबायचा, त्याची वीज व्हायची, कुठे जायचं ते वाचलं जायचं, मग विजेचा पुन्हा प्रकाश करून पुढे पाठवायचं. दर थांब्यावर हे. त्यात वीज खर्च होते, यंत्रं तापतात, वेळ जातो. एआयच्या कामाला तेवढा वेळ परवडत नाही.

दीपिकाची मंडळी बनवतात ते वेगळं आहे. तिथे बारीक बारीक आरसे असतात, मोहरीच्या दाण्याएवढे, शेकड्यांनी. आरसा जरासा कलला की ह्या तंतूतला प्रकाश त्या तंतूत जातो. थांबवायचा नाही, वीज करायची नाही, वाचायचं नाही. सगळीकडे हे चालत नाही, ती प्रामाणिकपणे सांगते, पण मोठ्या हमरस्त्यांवर चालतं. तिने टॉर्च लावला, आरसा तिरका केला आणि उजेड भिंतीवरच्या आमच्या मदर मेरीवरून उचलून दारातल्या माडावर टाकला.

मी विचारलं, "आणि मधल्या आरशाला कळतं का, आतून काय गेलं?"

ती म्हणाली, "नाही टीचर. तेच तर त्याचं चांगलं आहे. जसं आलं तसं पुढे."

मी आरसा हातात घेऊन बघत बसले. तिला वाटलं मला समजलं नाही, म्हणून तिने टॉर्च पुन्हा लावला. समजलं होतं. जरा जास्तच समजलं होतं.

माझा स्विचबोर्ड म्हणजे भिंतीएवढी लाकडी फळी. प्रत्येक नंबराचं एक भोक, वर एक झडप. कोणी फोन उचलला की झडप पडायची. ह्या भोकात प्लग, त्या भोकात प्लग, आणि मधे मी. आमच्या हेड होत्या सोकोरो मिस, देव त्यांना शांती देवो. सकाळी ड्युटीवर गेलं की आधी हात पुढे करायचे. त्या आमच्या हातांचा वास घ्यायच्या. "मालवणी हात! आदी साबू, मागीर प्लग." आधी साबण, मग प्लग. खोबरेल तेलाचं बोट प्लगला लागलं की धूळ बसते, धूळ बसली की खरखर येते. आम्ही मुली मागे हसायचो.

आता ऐका गंमत. दीपिका पुण्याच्या प्रयोगशाळेत लागली त्याच्या पहिल्याच महिन्यात एक जोडणी काही केल्या नीट होईना. चार दिवस सगळे शोधतात. शेवटी तंतूचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर त्यावर डाग. तेलाचा! नर्मदाने लेकीबरोबर घरच्या घाण्याच्या तेलाची बाटली दिली होती, लेकीने सकाळी डोक्याला चोपडलं होतं, आणि तेच बोट काचेच्या टोकाला. करोडोंच्या यंत्राला देवबागच्या खोबऱ्याने थांबवलं. दीपिकाने मला फोन करून हे सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "आदी साबू." सोकोरो मिसचा वारसा कुठे पोचला बघा.

सोकोरो मिसचा दुसरा नियम होता. जोडा, ऐकू नका. सगळ्या गावाची सुखदुःखं आमच्या बोटांखालून जायची. बाळंतपणं, मयतं, सोयरिकी. कान बंद ठेवायचा. पण नियमाला एक पळवाट होती आणि ती सरकारी होती. मुंबईची लाइन कमजोर असायची. आमच्याकडून कुडाळ, तिथून कोल्हापूर, मग मुंबई. दर ठिकाणी आवाज थोडा सांडायचा. शेवटी आमच्याकडच्या काचेच्या बूथमधल्या माणसाला नुसती खरखर ऐकू यायची. ऑपरेटरच्या हेडफोनात मात्र शब्द कळायचे. मग आम्ही मधे बसून बोलणं पोचवायचो. 'तो विचारतो, आई कशी आहे.' 'ती म्हणते, बरी आहे.' ह्याचं त्याला, त्याचं ह्याला. दीपिकाच्या भाषेत सांगायचं तर मी जुन्या पद्धतीचा स्विच होते. माझ्यापाशी बोलणं थांबायचं, मी ते वाचायची आणि पुन्हा करून पुढे पाठवायची.

आता ज्या गोष्टीसाठी मी इतका वेळ घेते आहे ती. खरं सांगते, मी घरून दुसरंच भाषण लिहून आणलं आहे. त्यात दीपिकाचे दहावीचे मार्क आहेत. पण परवा स्मरणिका हातात आली आणि पान नऊवर दीपिकाचा लेख वाचला. तुम्हीही वाचला असेल. तिने तिच्या आईबाबांच्या त्या फोनची प्रसिद्ध गजाल, म्हणजे गोष्ट, लिहिली आहे.

ही गजाल देवबागात कोणाला माहीत नाही? चोपडेकरांकडे मुक्कामाला आलेला प्रत्येक पाहुणा ती ऐकून गेला आहे. संध्याकाळी सोलकढीचे पेले आले की सत्यवान सुरू करतो, "हिनाच माका बोलवल्यान. तुमच्याबगर होडी दर्यात जावची नाय म्हणाली!" आणि स्वयंपाकघरातून नर्मदा, "खोटा बोलू नकात! मी म्हटलंय, येव नकात. आणि तुमीच सांगलास, होडयेक रंग काढून ठेव, चतुर्थीक येतंय." मग सत्यवान, "मी असा कधी बोललंयच नाय!" पाहुणे हसतात. एकोणचाळीस वर्षं हे चाललं आहे. दोघांतलं कोण विसरभोळं आणि कोण लबाड, ह्यावर गावात दोन पक्ष आहेत.

दीपिका इंजिनियर आहे, तिने लेखात उत्तर शोधलं आहे. ती लिहिते, की लाइन कमजोर होती, खरखरीत शब्द बिघडले, दोघांनी वेगवेगळं ऐकलं, आणि म्हणून माझे आईबाबा एकत्र राहिले. त्या बिघाडातून माझा जन्म झाला, म्हणून क्षीण झालेल्या प्रकाशाची मला माया वाटते. वाक्य इतकं सुंदर आहे, की त्याचे अर्धे मार्क मला मिळायला हवेत.

पण दीपिका, ते खरं नाही. तू सोमवारी जाशील, हीच गोष्ट तिकडे परक्या माणसांना सांगशील, आणि त्यात बिचारी लाइन कायमची बदनाम होईल. लाइनीचा काही दोष नव्हता. त्या दिवशी माझ्या हेडफोनात शब्दन् शब्द स्वच्छ येत होता.

सन एकोणीसशे शहाऐंशी, जुलैतला शनिवार. नर्मदा वीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. सत्यवान मुंबईच्या बंदरात, जहाजं ओढणाऱ्या टगवर कामाला. हा म्हणायचा मुंबईला ये, ती म्हणायची सासू एकटी, होडी पडून आहे, तुम्हीच या. दोघंही हट्टी. हसू नका, हे अजून तसेच आहेत. दोन महिने पत्र नाही. आणि त्या शनिवारी सत्यवानने आधी निरोप धाडून कॉल लावला. नर्मदा देवबागहून चालत आली, भिजलेली, आणि बूथमध्ये उभी राहिली. खरखर सुरू झाली. तिने काचेतून माझ्याकडे बघून हात केला, ऐकू येत नाही.

मी सत्यवानला म्हटलं, बोला, मी सांगते.

तो म्हणाला, "तिका सांगा, मी येवचंय नाय. चतुर्थीकय नाय. बोटीर नाव घातलंय, पाच वर्सांचा. माझी वाट बघू नको म्हणान सांगा."

नर्मदाने विचारलं, "काय म्हणतत?"

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. माझा मोठा भाऊ बाबुश असाच परदेशी जाणाऱ्या बोटीवर गेला. शेवटचा कॉल मीच जोडला होता. 'मायला सांग, वाट बघू नको,' म्हणाला. मी नियमाप्रमाणे, अक्षरही न बदलता मायला सांगितलं. मायने त्याला परत कधी 'ये' म्हटलं नाही, आणि तोही आला नाही. पुढे कोणी सांगितलं, की तो म्हणायचा, आईने एकदा बोलावलं असतं तर मी आलो असतो. तोवर माय गेली होती.

तर नर्मदाने विचारलं, "काय म्हणतत?" आणि मी म्हटलं, "ते म्हणतत, चतुर्थीक येतंय. होडयेक रंग काढून ठेव."

मला वाटलं ती हरखेल. कुठली! डोळे पुसले आणि म्हणाली, "दोन म्हयन्यांनी आठवण झाली? सांग तेंका, येव नकात. तेंच्याबगर माझा कायएक अडूक नाय."

आता एकदा खोटं बोललेली ऑपरेटर दुसऱ्यांदा काय करणार? मी सत्यवानला सांगितलं, "ती म्हणता, तुमच्याबगर होडी दर्यात जावची नाय."

मग तीन मिनिटं संपली.

नर्मदाने होडी निळ्या रंगाने रंगवली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सत्यवान बॅग घेऊन पुळणीवर उतरला. बोटीवर दुसऱ्याचं नाव गेलं. आणि दहा वर्षांनी ही पोर झाली.

तुम्ही म्हणाल, मेल्विनाबाय, मग चांगलंच झालं की! शेवट गोड झाला. मीही स्वतःला हेच सांगत आले. पण पाद्रींकडे कुमसार, म्हणजे पापांची कबुली, करायला बसले, की दर वर्षी हेच पाप पहिलं ओठांवर यायचं. एका वर्षी पाद्री कंटाळून म्हणाले, "बाय, मला काय सांगतेस? ज्यांचे शब्द बदललेस त्यांना सांग." बरोबर होतं. लोकांनी विश्वासाने माझ्या हातात आपलं बोलणं दिलं, आणि मी ठरवलं की त्यांना काय हवं ते मला जास्त कळतं. ह्या दोघांचं चांगलं झालं म्हणून मी सुटले. वाईट झालं असतं तर? नर्मदा पाच वर्षं दुसरं आयुष्य जगली असती, कदाचित मुंबईला जाऊन शिकली असती, तिला ते निवडू दिलं नाही मी. आणि एकोणचाळीस वर्षं हे दोघं एकमेकांना खोटं ठरवत राहिले, मी शेजारच्या ओसरीवर बसून ऐकत राहिले, सोलकढी प्यायले आणि हसले. सत्यवान खरं बोलत होता. नर्मदाही खरं बोलत होती. खोटी मी.

आज सकाळी सांगायला गेले होते. नर्मदा घावणे घालत होती. गेले पंधरा दिवस ती लेकीच्या जाण्याबद्दल एक अक्षर बोललेली नाही, सगळ्या वाडीला माहीत आहे. नुसती कामं करते. तिने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि माझी जीभ उचलली नाही. इथे माइक समोर आला आणि उचलली. आम्हां ऑपरेटरांना तोंडासमोर काही धरल्याशिवाय बोलता येत नाही की काय, देव जाणे.

दीपिका, म्हणून तुझा तो आरसा मला आवडला. मला वाटलं, बरं झालं, ह्या पोरीने माझ्यासारखं कोणी मधे राहणार नाही असं काहीतरी बनवलं. चार दिवस शोधून तू सूक्ष्मदर्शकाखाली तेलाचा एक डाग पकडलास. इतकी वर्षं तुझ्या घरच्या गोष्टीवर माझ्या बोटाचा डाग होता, तो तुला दिसला नाही, कारण तू टीचरवर कधी शंका घेतली नाहीस. तुझा माझ्यावरचा विश्वास आज थोडा कमी झाला तर ते मोठं नुकसान आहे माझ्यासाठी. पण चुकीची गोष्ट बरोबर घेऊन तू इतक्या लांब जाऊ नयेस.

असो. जितेंद्रसरांच्या हाताची हालचाल मला दिसते आहे. मंडळाने मला बोलायला उभं केलं, कार्यकर्त्यांनी खुर्च्या लावल्या, बायकांनी पहाटे उठून मागे चहा-नाश्त्याची व्यवस्था केली, सगळ्यांची मी ऋणी आहे. भाषणाच्या शेवटी वक्ते म्हणतात, काही कमीजास्त बोललं गेलं असेल तर पोटात घाला. मी आज कमी बोलले नाही आणि जास्तही नाही. मी एकोणचाळीस वर्षांपूर्वी दोन वाक्यं वेगळी बोलले. तेवढी पोटात घाला. सत्यवान, नर्मदा, मी तुमच्याकडेच बघून म्हणते आहे.

काय? काय म्हणतंस गो नर्मदा? उभी ऱ्हव. नाही, माइक तिथे पोचत नाही, वायर तोकडी आहे. तू बोल, मी सांगते मागच्यांना.

नर्मदा म्हणते, "एकोणचाळीस वर्सां माका खोटा पाडलंस, मेल्विनाबाय. तुका मी घराकडे बघून घेतंय." ठीक आहे, येते मी.

सत्यवान म्हणतो, "मी सांगत होतंय, असा मी बोललंय नाय!" हो बाबा, तू बरोबर होतास. दोघंही होता.

थांबा, टाळ्या नकोत, नर्मदाचं संपलं नाही. सर, एकच मिनिट. ती दीपिकाकडे बघत नाही, माझ्याकडे बघून बोलते आहे. ती म्हणते, "दीपिकाक सांग, जावचा थंय जा. तिच्याबगर माझा कायएक अडूक नाय."

दीपिका, मी एक अक्षर बदललेलं नाही. तुझी आई म्हणते, तुझ्याबगर तिचा कायएक अडूक नाय. जसं आलं तसं.

रडू नको गो. बोल तू, तुझं काय ते सांग, मी पोचवते.

नर्मदा, आयक. दीपिका म्हणते, "आवशीक सांगा, होडयेक रंग काढून ठेव. चतुर्थीक येतंय."

हे तिचेच शब्द आहेत. सगळ्यांनी ऐकले. मी लाइन सोडते. धन्यवाद.